न धुतलेली वाकळ

वालावलीत बाबलीला आडनावाने कुणी ओळखत नाही. घाटी बाबली म्हणतात. तो घाटावरचा नाही. त्याच्या सगळ्या पिढ्या इथल्याच तांबड्या मातीत मिळाल्या. पण घाटावरचं जनावर खाली आणायचं म्हटलं की माणसं त्याच्याकडे येतात, म्हणून घाटी. वर आजऱ्याच्या बाजूला गेला की तिथले लोक त्याला कोकण्या म्हणतात. आयुष्य घाटाच्या वळणांवर घालवलेल्या या माणसाला दोन्हीकडच्यांनी पलीकडचा ठरवलं, आणि त्यानेही ते कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायला थांबावं लागतं.

पूर्वी तो बापाबरोबर जनावरं चालवत आंबोली उतरायचा. जनावर बसलं की बसायचं, उठलं की उठायचं. आता पिकअप आहे. सकाळी भरलेली म्हैस दिवस मावळायच्या आत नव्या दारात उतरते. लोक म्हणतात, काम सोपं झालं. बाबलीला तसं वाटत नाही. चालत येणारं जनावर वाटेवर थोडं थोडं आपलं गाव सोडत येतं. एका ओढ्याला थोडं, एका झाडाखाली थोडं. गाडीतून आलेलं जनावर काहीच सोडत नाही. त्याचं गाव तसंच त्याच्या अंगावर असतं आणि पायाखाली दुसरीच माती येते. मग ते उभं राहतं आणि बघत राहतं. अशा बघणाऱ्या म्हशी बाबलीने फार पाहिल्या. अलीकडे त्या त्याला झोपेतही दिसतात; काही करत नाहीत, नुसत्या उभ्या असतात.

तो दमला होता. एखाद्या दिवसाचं दमणं नव्हतं ते. पिकअपच्या हौद्यात म्हशीच्या बाजूला उभं राहून राहून कंबर एका बाजूला कलली होती, आणि सपाट जमिनीवर चालतानाही त्याचे पाय वळण येणार असल्यासारखे पडायचे.

त्या वर्षी कापणी आटोपल्यावर शेवंती त्याच्याकडे आली. खाडीच्या बाजूच्या वाडीत ती एकटी राहते. नवरा गेला, मुलगा कौस्तुभ गोव्यात नोकरीला. मुलगा वाईट नाही, उलट आईने आपल्याकडे येऊन राहावं म्हणून हट्ट धरून बसलेला. आजवर तिचं एकच उत्तर असायचं, गोठ्यात जनावर आहे, मी कशी येऊ? पावसात तिची म्हातारी म्हैस मेली आणि उत्तरच संपलं. आता तिला नवी म्हैस आणायची होती.

"झील म्हणता, आता काय कारण सांगतलंस?" ती ओट्यावर बसत म्हणाली. "मी म्हटलंय, म्हस हाडतंय. तो म्हणालो, हाड. दुधाक लागली तर मी परत इषय काढूचंय नाय. नाय लागली तर म्हस इकूची, घराक कुलूप लावचा आणि माझ्या गाडयेत बसाचा. मी व्हय म्हटलंय, बाबलीदादा. आता काय ता तुझ्या हातात."

"माझ्या हातात खंय काय?" बाबली म्हणाला. "म्हशीच्या सडात सगळा."

पण तो गेला. आजऱ्याच्या पलीकडे तुळसा नावाची एक बाई म्हैस विकते आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. तुळसाच्या हाताची बोटं सांधेदुखीने आखडली होती आणि धार काढताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. म्हैस चांगली होती. काळीभोर, रुंद पाठीची, नाव काजळी. खोट एकच, आणि ती तुळसाने आधी सांगितली.

"रेडकू जगलं न्हाई हिचं. तवापास्नं माझ्यासाठीच पान्हावती. माझं लुगडं वळखती ती. गोठ्यातलं हे लुगडं नेसून बसलं तर दूध, न्हाईतर लाथ. शेजारीण बसली हुती एकदा, बादलीसकट उताणी."

अशा म्हशी असतात. विकणारी बाई जनावराबरोबर आपलं धारेचं लुगडंही देते. नवी बाई ते नेसून कासेखाली बसते आणि म्हशीला हळूहळू फसवलं जातं, किंवा म्हैस हळूहळू फसवून घेते. बाबलीने सौदा केला.

न्यायचा दिवस ठरला. त्याने अनिशची पिकअप सांगितली. अनिश कुडाळचा, लग्न झालेला, गाडी जपणारा. जनावर म्हटलं की आधी कुरकुर करायचा, मग हौद्यात स्वतःच उसाचं पाचट अंथरायचा. गुरांच्या डॉक्टरचा दाखला झाला, कानातला पिवळा बिल्ला तपासून झाला. तुळसाच्या विहिरीचं पाणी बाबलीने कॅनमध्ये भरून घेतलं. अनोळखी पाणी म्हैस हुंगते आणि तोंड फिरवते. त्यात आपल्या विहिरीचं थोडं ओतलं तर पिते. उसाच्या वाड्याची एक मोळीही घेतली, कारण त्या हिरव्या शेंड्यांवर वाढलेल्या जनावराला भाताचा पेंढा म्हणजे चटईच.

काजळी गाडीत चढेना. बांधाला गाडी लावली होती, फळी टाकली होती. अनिशने मागून रेटलं, बाबलीने पुढून ओढलं. म्हैस चार पाय रोवून उभी. मग तुळसा लुगडं खोचून फळीवरून स्वतः हौद्यात चढली आणि पुढच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. काजळी तिच्या मागून निमूट चढली. बाबलीने मागचं फळकं लावलं. मग तुळसाला बाजूच्या कठड्यावरून खाली उतरावं लागलं. आखडलेल्या बोटांनी कठडा नीट धरता येत नव्हता. अनिशने तिला जवळजवळ उचलूनच खाली ठेवलं. म्हैस हे सगळं बघत होती.

तुळसाने जुनं दावं सोडून घेतलं होतं. ते तिने गोठ्यातल्या खुंटीवर टांगलं. "दावं द्यायचं न्हाई. दावं गेलं की दावण गेली," ती म्हणाली. मग आतून एक गाठोडं आणून बाबलीच्या हातात दिलं. "हे लुगडं. आणि पावनं, ह्येला पाणी लावायचं न्हाई, सांगा त्या बाईला."

बाबलीने ऐकलं. मान हलवली. गाठोडं काखेत धरून तो म्हशीच्या बाजूला उभा राहिला.

दिवसभर तो उभाच होता. आंबोलीला धुकं होतं, तिथे थांबून पाणी पाजलं. उतारावर म्हशीचं सगळं वजन पुढे यायचं आणि ती बाबलीच्या बरगड्यांवर रेलायची. तो पाठ कठड्याला लावून तिला तोलायचा. सावंतवाडीच्या पुढे हवा दमट झाली तशी ती नाक वर करून हुंगायला लागली. प्रत्येक जनावर तिथे असंच करतं. खाली काहीतरी वेगळं आहे हे त्यांना तिथेच कळतं, पण तोवर घाट मागे गेलेला असतो.

संध्याकाळच्या उजेडात गाडी शेवंतीच्या दाराशी लागली. शेवंती तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन तयार होती. तिने म्हशीच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, कपाळाला कुंकू लावलं. तिचा चेहरा असा उजळला होता की बाबलीने दुसरीकडे बघितलं. दुसऱ्याच्या एवढ्या आनंदाकडे बघायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"ह्या धर," तो गाठोडं देत म्हणाला. "ह्या नेसान दूध काढ."

अनिशने हॉर्न वाजवला. कंबरेतून एक कळ पायापर्यंत गेली. पुढचं वाक्य बाबलीच्या तोंडात होतं, ते तसंच राहिलं. तो गाडीत बसला आणि घरी येऊन न जेवता झोपला.

सकाळी शेवंतीचा फोन आला. आवाज रडवेला.

बाबली गेला तेव्हा ती गोठ्याच्या दारात उभी होती. तुळसाचं लुगडं तिने नेसलं होतं, नऊवारीची सवय नसल्याने कसंतरी गुंडाळलेलं. पायाशी रिकामी कळशी, आणि कळशीला पोचा.

"बाबलीदादा, ही माका कासेक हात लावूक देय ना. बघ, कळशी उडयल्यान. कसली म्हस हाडलंस रे?"

बाबली जवळ आला आणि जागच्या जागी थांबला. लुगडं कडक होतं. काठ पांढरे स्वच्छ.

"शेवंते, ह्या लुगडा धुतलंस?"

"मगे? दुसऱ्या बायलेच्या अंगावरचा, शेणामुतान भरलेला, तसाच नेसतलंय? पयल्या धारेचा दूध लक्ष्मीनारायणाक न्यायचा होता. कालच साबण लावलंय, चुलीवरच्या दांडयेर वाळत घातलंय. निळीत पण घातलंय."

"निळीत पण?"

"काठ पिवळे दिसत होते."

बाबलीने कपाळाला हात लावला नाही, ओरडला नाही. नुसता गोठ्याच्या पायरीवर बसला. साबण, नीळ, धूर. तुळसा त्या लुगड्यातून संपूर्ण निघून गेली होती, आणि ते शेवंतीने देवासाठी केलं होतं. देवाला न्यायचं दूध आहे म्हटल्यावर या गावात कुठल्याही बाईने हेच केलं असतं. न करणारी बाई त्याला आठवली नाही. सांगायचं एकच वाक्य होतं, ते त्याने घाटाखाली आणलं आणि दारातून परत घरी नेलं.

"तुझी चूक नाय ती," तो म्हणाला. "धुव नको म्हणान तेणी सांगितल्यानी होता. मी तुका सांगूक इसारलंय."

शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. "म्हणजे आता मी गोव्याक."

"वायच थांब."

दुपारी डॉक्टर येऊन गेले. म्हशीचे पाय बांधून त्यांनी जेमतेम थोडं दूध पिळून काढलं. कास अजून ठीक आहे, म्हणाले, पण दूध तुंबलं की दगड होईल, आणि मग ती या वेताची गेलीच समजा. अनिशही कळल्यावर आला होता, पेंढ्याच्या ढिगावर बसला होता. तो म्हणाला, "काका, सुई मिळता ती देवया. धा मिनटांत दूध."

"आणि उद्या? परवा?" बाबली म्हणाला. "सुयेर लागली की सुयेचीच झाली. नको."

"मगे फोन लावया."

"कोणाक?"

"त्या बायेक. म्हशीक आवाज ऐकवया."

कुणालाच यापेक्षा बरं काही सुचत नव्हतं. अनिशने फोन लावला, तुळसाला सगळं ओरडून सांगितलं आणि आवाज मोठा करून फोन म्हशीच्या डोक्याशी धरला. शेवंती कळशी घेऊन तयार राहिली. फोनमधून खरखर आली, आणि मग तुळसाचा आवाज, बारीक, पत्र्यावरून आल्यासारखा.

"काजळे. ये ग माझी बाय. ये."

काजळीचे कान उभे राहिले. तिने फोनकडे बघितलं नाही. तिने गोठ्याच्या दाराकडे मान वळवली. दारात कुणी नव्हतं. आवाज पुन्हा आला, तशी ती दाव्याला हिसका देऊन अंगणाकडे बघायला लागली, आणि मग हंबरली. खोल, लांब. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. फोनमधल्या बाईला ते ऐकू गेलं असावं, कारण ती बोलायची थांबली. नुसती खरखर राहिली.

"बंद कर," बाबली म्हणाला. "अनिश, बंद कर ता."

काजळी अंधार पडेपर्यंत दाराकडे तोंड करून उभी होती.

घरी येऊन बाबलीने बायकोला, यशोदाला सांगितलं, उद्या पहिल्या गाडीने वर जातो.

"आता कित्या?"

"तुळसाबायचा दुसरा लुगडा हाडूक. न धुतलेला."

यशोदा पेज वाढत होती. तिचा हात थांबला. "लग्न होवन इतकी वर्सां झाली. घाटावर जातंस, येतंस. माका कधी एक लुगडा हाडलंस नाय. आणि आता दुसऱ्या बायलेच्या अंगावरचा मागूक चललंस?"

"अंगावरचा नाय गो. उतरलेला."

"तिच्या नवऱ्यान इचारल्यान तर काय सांगतलंस?"

"तिका घोव नाय."

"अरे वा! म्हणजे सगळा जुळताच हा." तिने पेजेवर मिठाची चिमूट जरा जोरातच टाकली. पण सकाळी भाकरी बांधून दिली तिनेच, आणि कपाटातली त्याची जाड शालही काढून दिली. "आंबोलीक थंड आसतली. कंबर आखडली तर तुका कोण हाडतला? पिकअप सांगूची लागात."

एसटी, मग दुसरी एसटी, मग चालत. जनावर बरोबर नसताना हा रस्ता बाबलीने क्वचितच केला होता. हात मोकळे असूनही तो खिडकीचा गज धरून बसला होता, वळणावर पाय रोवत होता. पुढच्या बाकावरच्या माणसाने दोनदा वळून बघितलं.

तुळसा अंगणात शेंगा निवडत बसली होती. बाबलीला बघून ती उठली आणि तिचा चेहरा एकदम उतरला.

"काजळी गेली व्हय?"

"नाय, नाय. हाय. बरी हाय. लुगडं..." घाटावर आला की तो त्यांच्यासारखं बोलायला बघायचा, आणि ते धड जमायचं नाही. "लुगडं त्या बायनं धुतल्यान. देवाला दूध न्यायचं म्हणून. निळीत घातलं."

"निळीत?" तुळसा म्हणाली. "माझं लुगडं? निळीत?" आणि ती हसायला लागली. इतकी हसली की खाली बसली, पदराने डोळे पुसले, पुन्हा हसली. "अवो, त्या लुगड्याला जलमात नीळ ठाऊक न्हवती. म्हस काय वळखंल, मीच वळखायची न्हाई!" मग हसू ओसरलं आणि ती शेंगांकडे बघत राहिली. "फोनात लई वरडत हुती वो."

"त्येच्यासाठीच आलोय. दुसरं एखादं द्या. मळकं."

तुळसाने आत जाऊन पेटी उघडली, दांडी बघितली. बाहेर आली तेव्हा हात रिकामे होते. गोठ्यातलं लुगडं एकच, ते दिलं. बाकीची सगळी म्हैस गेल्यावर एका सपाट्यात धुऊन टाकलेली. घरात वास नको, आठवण नको. अंगावरचंही आज सकाळी आंघोळ करून नेसलेलं. ती उंबऱ्यावर बसली. बाबली खांबाला टेकून बसला. रिकाम्या गोठ्यात खुंटीवर दावं लोंबत होतं.

"त्या दाव्याला तुमच्या हाताचा वास आसंल," बाबली म्हणाला.

"दावं न्हाई मिळायचं." तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

एवढं चढून येऊन रिकामं परत जायचं, ही कल्पना बाबलीला विशेष भयंकर वाटली नाही, इतका तो थकला होता. त्याला फक्त शेवंतीच्या घराला लागलेलं कुलूप दिसत होतं. आणि काजळी, तिला पुन्हा एखाद्या गाडीत चढवायला कुणीतरी आपल्यालाच बोलावणार, हेही.

तुळसा उठली. आतल्या खोलीत गेली आणि दोन्ही हातांनी काहीतरी छातीशी धरून आली. वाकळ होती. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली, जड, कडांना झिजलेली.

"ह्यात मी हाय की," ती म्हणाली. "शिमगा झाला की नदीवर धुती मी, वर्साला एकदाच. गोठ्यातनं येऊन हिच्यातच पडायची. पांघरून बसू दे त्या बाईला."

"आणि तुम्ही? थंडी पडलीया."

"पडू दे."

बाबलीने पिशवीतून शाल काढून तिच्यापुढे धरली. तिने आधी हात मागे घेतले, मग घेतली, नाकाशी नेली. "बिडी वढता व्हय पावनं?"

"वढतो थोडी."

"मग वाकळंपाशी वढू नका."

तो निघाला तेव्हा ती बांधापर्यंत आली. "दूध दिलं तर फोन करा," ती म्हणाली. थोडी थांबली. "न्हाई दिलं तर करू नका."

परतीच्या गाडीत गर्दी होती. वाकळ प्लास्टिकच्या पोत्यात घालावी की नाही यावर त्याने खूप विचार केला आणि घातली नाही. प्लास्टिकचाही वास असतो. ती छातीशी कवटाळून तो चढला. कंडक्टर म्हणाला, "काय काका, सासुरवाडीचा आहेर?" गाडीत हशा झाला. एका बाकावर जागा होती. शेजारी मालवणकडची एक बाई बसली होती, घाटावरच्या बाजारात सुकी मासळी विकून परतणारी. टोपल्या रिकाम्या होत्या, वास भरलेलाच होता.

"हंय बस रे, जागा आसा," ती सरकत म्हणाली.

"नको, उबो ऱ्हवतंय."

"कित्या? माझ्या सुंगटांचो वास येता?"

"माका नाय गो. म्हशीक."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि पुढची वाट तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

तो उभाच राहिला. आंबोली आली तशी फटीतून धुकं आत आलं. उघड्या गळ्यावरून गारवा पाठीत उतरला, कंबरेत जाऊन बसला. हात कापायला लागले. वाकळ त्याच्या छातीशी होती. तिच्या आतली ऊब बोटांना जाणवत होती. नुसती खांद्यावर ओढली असती तरी चाललं असतं. घाट उतरेपर्यंत. कुणाला कळलं असतं? आयुष्यात किती जनावरांच्या अंगावर त्याने वाटेत गोणपाटं घातली होती. पण अंगावर ओढली की त्याची बिडी, त्याचा घाम, एसटीतली ही सगळी माणसं त्या वाकळीत शिरली असती. आधीच छातीशी धरून तो तिच्यात थोडा थोडा शिरतच होता. म्हणून त्याने हात लांब केले आणि वाकळ अंगापासून दूर धरली, एखाद्याचं झोपलेलं मूल धरावं तशी. अवघडून, थंडीत, वळणागणिक पाय रोवत. हौद्यात उभं असल्यासारखा. फरक एवढाच की या वेळी बरगड्यांवर रेलायला कुणी नव्हतं.

शेवंतीच्या अंगणात तो पोचला तेव्हा ऊन माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. यशोदा तिथे येऊन बसली होती. शेवंतीला धीर द्यायला आले म्हणाली. काजळीने दिवसभर पेंढ्याला तोंड लावलं नव्हतं. कास ताणून चकाकत होती.

"ह्या?" शेवंती वाकळीकडे बघत म्हणाली. "ह्या पांघरून दूध काढू? ह्या उकाड्यात?"

"तोंडातून सबूद काढू नको. तुझो आवाज वेगळो. नुसती जा आणि बस. आणि तुझ्या देवाची शपथ, धुव नको."

शेवंतीने वाकळ डोक्यावरून घेतली. दोन्ही टोकं छातीशी धरली, आणि पोचा आलेली कळशी घेऊन ती आत गेली. दारातून बघितलं तर माणूस दिसत नव्हता, वाकळच चालत होती. बाबली पायरीवर बसला, गोठ्याकडे पाठ करून. यशोदा त्याच्या शेजारी उभी राहून आत बघत होती.

"बघता ती," यशोदा कुजबुजली. "फुडे नाक केल्यान. हुंगता. अजून हुंगता." मग काहीच नाही. मग, "चाटता. वाकळ चाटता ती."

बाबलीने डोळे मिटले होते. फुंकारे ऐकू येत होते, ओले, लांब. मग खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कळशीच्या बुडावर एक बारीक आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला. मग एकामागून एक, दोन्ही हातांच्या, सुरुवातीला पोकळ आणि नंतर कळशी भरेल तशा जाड होत गेलेल्या धारा.

यशोदाने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. "शाल खंय?" ती म्हणाली.

"घाटावर."

"तिका दिलंस?"

"तिची वाकळ हाडलंय मां."

यशोदा त्याच्याकडे बघत राहिली. काही टोचून बोलणार होती, तोंड उघडलंही होतं. मग तिने स्वतःच्या पदराचं टोक त्याच्या खांद्यावर टाकलं, कापणाऱ्या हातांकडे बघत. "माका लुगडा नाय ता नाय," ती म्हणाली, "होती ती शाल पण घालवन इलो."

बाबलीने खिशातून फोन काढला. नंबर लावायला त्याला वेळ लागला. पलीकडून "हां" एवढंच आलं. त्याने फोन हात लांब करून गोठ्याच्या दाराकडे धरला. आत धारा पडत होत्या. फोनमधून आवाज आला नाही, खरखरसुद्धा नाही. पलीकडची बाई श्वास रोखून असावी. हात दुखेपर्यंत त्याने तो तसाच धरला.

शेवंती बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती. केस कपाळाला चिकटले होते. कळशी तिने दोन्ही हातांनी धरली होती. कडेला फेस.

"देवाक काढून ठेवतंय आधी," ती म्हणाली, आणि मग वाकळ अंगावरून उतरवायला गेली.

"ऱ्हवांदे," बाबली म्हणाला. "घाम लागांदे तुझो. रोज लागांदे. एक दिवस तुझोच होतलो तो वास, आणि तिका कळूचा पण नाय."

हे बोलून तो उठला. कंबर धरून अंगण ओलांडलं, विहिरीच्याही पलीकडे, वारा गोठ्याकडून जिकडे वाहत होता तिकडे जाऊन उभा राहिला, आणि तिथे त्याने सकाळपासूनची पहिली बिडी पेटवली.